पहिला आकडा कानाचा

"फाइव्ह नाइन, ओएम, फाइव्ह नाइन! अगदी खणखणीत येताय. नाव काय म्हणालात?"

हॅम रेडिओवर हा संवाद रोज होतो आणि त्यात कुणालाच काही खटकत नाही. ओएम म्हणजे ओल्ड मॅन, आमच्यातलं 'मित्रा'. पाच-नऊ हा आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा रिपोर्ट. पहिला आकडा समोरच्याचं बोलणं किती कळतंय याचा, एकपासून पाचपर्यंत. दुसरा सिग्नलच्या जोराचा, एकपासून नऊपर्यंत. पाच म्हणजे शब्द न् शब्द लागला. आणि तरी नाव पुन्हा विचारायचं! दुसरा आकडा यंत्रावरचा मीटर दाखवतो, त्यामुळे त्यात फारशी लबाडी करता येत नाही. पहिला मात्र ज्याचा त्याने कानाने ठरवायचा असतो आणि तिथे आम्ही सगळे बिनदिक्कत खोटं बोलतो. पाहुण्यांकडे जेवताना भाजी कशी झालीय म्हणून विचारलं की आपण जे उत्तर देतो, तेच हे.

मीही वर्षानुवर्षं सरसकट पाच देत आलो. त्या आकड्याकडे नीट बघायला मला घरातल्याच माणसाने लावलं.

माझे वडील, अण्णा, ८४ वर्षांचे आहेत. पोस्ट-तार खात्यातून तारमास्तर म्हणून निवृत्त झाले. अलीकडे त्यांच्याशी बोलताना आमचे आवाज आपोआप चढायला लागले होते. एकदा मी असाच ओरडून काही सांगत असताना ते वैतागले. म्हणाले, "अरे, ऐकू येतंय रे. कळत नाहीये. ओरडू नकोस, नीट बोल."

कानांची तपासणी झाली. कागदावर आलेख निघाला. डावीकडे बरा आणि उजवीकडे घाटातून उतरावा तसा घसरत गेलेला. डावीकडे खालच्या पट्टीतले आवाज, उजवीकडे वरच्या. म्हातारपणी वरचे आधी जातात. आता गंमत अशी की आपल्या बोलण्यातलं वजन, म्हणजे आ-ई-ऊ-ओ हे स्वर, बरंचसं खालच्या पट्टीत असतं. अर्थ मात्र वरच्या बारीक आवाजांवर, स, श, फ, थ यांच्यावर टांगलेला असतो. साठ म्हटलं काय नि आठ म्हटलं काय, अण्णांच्या कानी 'आठ'च पोचतं. माणूस बोलतोय हे समजतं, काय बोलतोय ते नाही. ओरडलं की स्वर वाढतात, 'स' होता तिथेच राहतो.

घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की हे तर आपल्या एसएसबीचं वर्णन झालं.

एसएसबी म्हणजे सिंगल साइडबँड. शॉर्टवेव्हवर आम्ही बोलतो ते या पद्धतीने. जागा वाचावी म्हणून यात आवाजाच्या दोन्ही कडा छाटलेल्या असतात. साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं आणि २७०० च्या वरचं काही जाऊच देत नाहीत. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो, तो खाली कापला जातो. 'स'चा सळसळाट बहुतेक ४००० च्या वर असतो, तो वर कापला जातो. खालचं नुकसान कान स्वतःच भरून काढतो. वरच्या स्वरांच्या मांडणीवरून गाळलेला मूळ स्वर तो मनातल्या मनात लावून घेतो, म्हणून रेडिओवरही पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो. वरचं नुकसान मात्र भरून निघत नाही. म्हणूनच आमच्यात 'एस' म्हणत नाहीत, 'सिएरा' म्हणतात. 'एफ' म्हणत नाहीत, 'फॉक्सट्रॉट' म्हणतात. रेडिओच्या या टोकाला बसलेले आम्ही सगळेच थोडे थोडे अण्णा असतो.

हेडफोन लावा, हा यावरचा सगळ्यांचा सल्ला. तो बरोबरही आहे. अगदी क्षीण सिग्नल ओढून काढायचा तर हेडफोनला तोड नाही. मी पुष्कळ वर्षं तेच केलं. पण हेडफोन लावलेला माणूस घरात असून नसल्यासारखा. हिने तीनदा चहाला हाक मारायची, चौथ्यांदा खांद्यावर हात ठेवायचा, मी दचकायचं. आणि आता अण्णा दुपारभर माझ्याच खोलीत खिडकीशी बसायला लागले होते. एकदा म्हणाले, "तू एकटाच हसतोस. आम्हालाही कळू दे की काय चाललंय."

रेडिओला स्वतःचा स्पीकर असतोच. माझ्या रिगमधला, म्हणजे रेडिओच्या यंत्रातला, बटाटेवड्याएवढा आहे आणि तो बसवलाय वरच्या झाकणात, तोंड छताकडे. म्हणजे गुवाहाटीचा माणूस जे बोलतो ते आधी पंखा ऐकतो, पात्यांनी त्याचे तुकडे होतात आणि मग भिंतींवर आपटत ते आमच्यापर्यंत येतं. मोटारीत बसावं एवढ्या डब्यात शंभर वॉटचं यंत्र कोंबायचं तर स्पीकरला उरेल ती जागा मिळणार. मागच्या बाजूला बाहेरच्या स्पीकरसाठी एक भोक ठेवलेलं असतं. बनवणाऱ्याने तेवढी कबुली दिलेली असते.

मी त्या भोकात आधी घरातले गाण्याचे स्पीकर जोडले. डग्ग्याची घुमक पोटात जाणवावी असे चांगले स्पीकर आहेत ते. आणि रेडिओवर ते इतके वाईट वाजले की मला वायर उलटसुलट लागल्याची शंका आली. मग लक्षात आलं की दोष स्पीकरचा नव्हता. तो प्रामाणिक होता. ३०० च्या खाली बोलणं नव्हतंच, तिथे होती फक्त पॉवर सप्लायची १०० हर्ट्झची घूं. ती त्याने मनापासून घुमवली. ३००० च्या वरही बोलणं नव्हतं, तिथे होता रिगच्या अ‍ॅम्प्लिफायरचा सुस्कारा. तोही त्याने नाजूकपणे ऐकवला. मधला अडीच हजारांचा पट्टा, जिथे तो माणूस बिचारा जीव तोडून आपलं नाव सांगत होता, तो या दोघांच्या कैचीत सापडला. संगीतासाठी जो गुण तोच इथे अवगुण ठरला.

त्यानंतर कॉम्प्युटरचे छोटे, वीज लागणारे स्पीकर आणले. त्यांचा प्लगमधला अडॅप्टरच बँडवर गुणगुणायला लागला. शिवाय मी बोलायला बटण दाबलं की ते माझ्याच आवाजात भुंकायचे. अँटेनातून निघालेली लहर स्पीकरच्या वायरीवर चढून आतल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घुसत होती. जुन्या मॉनिटरच्या केबलवर असते ना जाडसर गाठ, ती फेराइटची असते. तिच्यातून वायरीचे चारपाच वेढे घेतले तेव्हा भुंकणं थांबलं. पण तोवर त्या स्पीकरबद्दल घरात मत बनलं होतं. "त्या कुत्र्याला बाहेर बांधा," असं आमच्याकडे कुत्रा नसताना ही म्हणत होती.

शेवटी एका शनिवारी तपकीर गल्ली गाठली. पुण्यात बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे आमच्यासारख्यांचं पंढरपूर. कंडेन्सर, रिले, ट्रान्सफॉर्मर, नॉब, जे हवं ते आणि जे नको तेही. एका दुकानात जुन्या कृष्णधवल टीव्हीतले लंबगोल स्पीकर पोत्यात होते. दुकानदाराने एक उचलला, फुंकर मारली आणि खिशातला पेन्सिल सेल त्याच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला. टक्. कागदाचा कोन इवलासा पुढे आला, सेल काढताच मागे गेला. "चालूए," तो म्हणाला. मग मला तोच हातात घेऊन कोनावर चार बोटं ठेवून हलकेच दाबायला लावलं. आत कॉइल घासत असेल तर बोटांना खरखर लागते. लागली नाही. मीटरवर सात ओहम दिसले म्हणजे स्पीकर आठचा. मीटर नेहमी थोडं कमीच दाखवतो. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी कोन-कॉइल-चुंबकाची जी रचना मांडली, तीच त्या पोत्यात शंभरच्या संख्येने पडली होती.

जुन्या टीव्हीचा स्पीकर का, असं कुणी विचारेल. तो बातम्यांसाठी होता हेच त्याचं कारण. त्याला खाली फारसं काही जमत नाही, वरही नाही, मधलं तेवढं तो ठासून सांगतो. खोकं केलं गणपतीच्या जुन्या मखराच्या प्लायचं. एका बाजूला अजून सोनेरी रंगाचा पट्टा आहे. आतला पोकळ घुमारा मारायला उशीतला कापूस भरला. उरलेली घूं कापायला वायरीत कंडेन्सर घातला. शंभर मायक्रोफॅरडचे दोन, ऋण टोकाला ऋण टोक जोडून. म्हणजे जोडी पन्नासची होते आणि आठ ओहमच्या स्पीकरला ४०० हर्ट्झच्या खालचं हळूहळू नाकारायला लागते. खर्च एका मिसळीहून कमी.

खोकं मी कौतुकाने रिगच्या वर, समोर बघत ठेवलं. अण्णा खिडकीतून म्हणाले, "तोंड इकडे कर की त्याचं." मग सांगायला लागले, की तारेच्या साउंडरला पाठीमागून लाकडी आडोसा असायचा, आवाज आपापल्या मास्तरकडेच जावा म्हणून. एका खोलीत चार चार साउंडर खडखडत, आणि प्रत्येकाला आपलाच ऐकायचा. मी खोकं उतरवून टेबलाच्या कडेला, बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असं ठेवलं, हातभर अंतरावर. फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, अशा खोलीत स्पीकर लांब ठेवून आवाज वाढवला तर आपण स्पीकर कमी आणि खोलीच जास्त ऐकतो. मागच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगली. हिला ती सजावट वाटली. मी काही बोललो नाही.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं.

आमच्यातले एक ज्येष्ठ हॅम घरी आले. मी स्पीकर दाखवला, कंडेन्सरची गोष्ट सांगितली, मखराचं प्लाय दाखवलं. त्यांनी स्पीकरला हातही लावला नाही. रिगवरचा प्रीअ‍ॅम्प बंद केला. आरएफ गेन हळूहळू डावीकडे आणला आणि आवाजाचं बटण थोडं उजवीकडे. खोलीतली खरखर बसत बसत जमिनीला टेकली आणि तिच्यातून एक माणूस वर आला. सावकाश, कोरडा, शेजारी बसल्यासारखा बोलत होता. मगाशीही तो तिथेच होता.

"आधी नळ बारीक कर," ते म्हणाले. "गाळणी नंतर बदल."

कारण अगदी साधं. सात मेगाहर्ट्झवर रात्री अँटेनातूनच इतकं काही येतं की रिगने ते आणखी फुगवण्याची गरज नसते. फुगवलं की सिग्नलबरोबर कचराही फुगतो. त्यातून रिगमधलं एजीसी, म्हणजे आवाज आपोआप सारखा ठेवणारी सोय, दोन शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत खरखर उचलून धरतं आणि ती शब्दांइतकीच मोठी करून दाखवतं. बोलण्यातली शांतता गेली की बोलणंही जातं. मीटरवरचा आकडा आता सांगण्यासारखा नव्हता, आणि कळत होतं ते सगळंच. पहिला पाच मी त्या दिवशी खरा दिला.

अशा खऱ्या पाचाची किंमत कधी कधी फार मोठी असते. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम बाई पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानमधून रेडिओ चालवण्याची दुर्मीळ परवानगी मिळाली म्हणून त्या तिथे गेल्या होत्या. २६ तारखेच्या सकाळी बेटांचा बाकी जगाशी संपर्क तुटला आणि मुख्य भूमीवरच्या नातलगांचे प्रश्न व त्यांची उत्तरं हॅम मंडळींच्या आवाजात ये-जा करायला लागली. अशा वेळी नाव चुकीचं लागलं तर काय होईल, याचा विचार करावा. सिग्नल मोठा आहे की लहान हे तिथे कुणी विचारत नाही.

आणि कधी कधी ऐकता ऐकता बोट ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास थांबतं. उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ मुंबईतून २७ ऑगस्ट १९४२ ला सुरू झाला तो ४२.३४ मीटरवर. भागाकार करून बघा, बरोबर आमच्या आजच्या बँडात येतो. जागा बदलत बदलत तो अडीच महिने चालला. नोव्हेंबरात पोलिसांनी पकडला. लाकडी पेटीच्या रेडिओसमोर, दार लावून, आवाज बाहेर जाणार नाही इतका बारीक करून त्या रात्री कुणी ऐकलं असेल तर त्याला पहिल्या आकड्याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको.

अण्णांची गोष्ट राहिली. इतकं करूनही त्यांना बोलणं कळत नव्हतं. कसं कळणार? जे एसएसबीने कापलं नव्हतं तेही त्यांच्या कानाने कापलं होतं. ते नुसते बसायचे. मग मला आलेख आठवला. ६०० हर्ट्झला ती रेघ जवळजवळ सपाट होती. आणि ६०० हर्ट्झ म्हणजे मोर्सची शिट्टी.

बाथरूमच्या दुरुस्तीतून तीन इंची पीव्हीसी पाइप उरला होता. ६०० हर्ट्झच्या लहरीची हवेतली लांबी सुमारे ५७ सेंटिमीटर. एका टोकाला बंद असलेली नळी तिच्या पाव लांबीला घुमते, म्हणजे १४ सेंटिमीटर. उघड्या तोंडाशी हवेचा स्तंभ थोडा बाहेर डोकावतो, म्हणून कापायची त्याहून दोनेक सेंटिमीटर कमी. हॅकसॉने कापली, एका टोकाला छोटा स्पीकर एम-सीलने पक्का बसवला. बासरीच्या आणि याच्या शास्त्रात फार फरक नाही. या नळीला बोलणं मुळीच जमत नाही. पण बँडवरच्या गर्दीत सहाशेची शिट्टी सापडली की तेवढीच उचलून बाहेर काढते, बाकीची गर्दी मागे पडते.

अण्णा पहिल्या दिवशी म्हणाले, "ही काय टिवटिव?" खरंच होतं. साउंडरवर सूर नसतो. दांडी खाली आपटली की एक खट, वर आपटली की दुसरा. दोन खटांमधल्या वेळावरून डॉट की डॅश ते ओळखायचं. त्यांचे कान तसे घडले होते. मी आग्रह केला नाही. नळी त्यांच्या खुर्चीकडे वळवून ठेवली आणि रोज दुपारी १४ मेगाहर्ट्झवर मोर्स लावून दिला. दोन आठवडे काही नाही. मग एकदा मी कपाटात काही शोधत असताना मागून आवाज आला, "जपान."

मी वळलो. ते खिडकीबाहेरच बघत होते, उजव्या हाताची तर्जनी खुर्चीच्या हातावर हलत होती. जे, ए, एक... कॉलसाइन लिहून घेण्याची मला गरज पडली नाही, ते अक्षर अक्षर सांगत गेले. चष्मा, कानयंत्र, नातवंडांचं ओरडणं, कशाचीच मदत नव्हती. शेवटी म्हणाले, "हात कच्चा आहे याचा. डॅश आखूड मारतो."

२०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हाही त्यांनी पेपर घडी करून ठेवला होता, बोलले काही नव्हते. त्यामुळे हे वाक्य मला खूपच लांबलचक वाटलं.

अजून एक सांगायचं राहिलं. या सगळ्या खटाटोपात आवाज सर्वांत जास्त सुधारतो तो माझ्या करणीने नाही. आमच्या इमारतीत प्रत्येक खोलीत एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्टची मोटार. सगळे मिळून सात मेगाहर्ट्झवर दिवसरात्र मीटरवर एस-७ दाखवील इतकी खरखर ओततात. खालच्या मजल्यावर चटणी वाटली जाते ती मला रेडिओवर कळते, मिक्सरच्या ब्रशांच्या ठिणग्या उडतात त्यामुळे. शेजाऱ्यांशी मी एकदा या विषयावर बोललो. त्यांनी सहानुभूतीने हिच्याकडे बघितलं.

पण पुण्यात गुरुवार हा विजेच्या देखभालीचा वार. लाइट गेली की रिग बॅटरीवर घेतो. काटा सातवरून तीनवर येतो, म्हणजे हिशोबाने खरखर अडीचशेव्या हिश्शाला. मखराच्या खोक्यातून तेव्हा जे ऐकू येतं ते ऐकायला मी दोन पाहुणे मुद्दाम बोलावले होते. पंखा बंद म्हणून ते घामाघूम झाले, पण उठले नाहीत. अण्णांची नळी तर अशा वेळी इतकी स्वच्छ वाजते की ते पाठवणाऱ्याच्या चुका मोजायला लागतात.

या गुरुवारी सकाळी दहा ते दोन आमच्याकडे लाइट नाही. मी सात मेगाहर्ट्झवर असेन. कुणी भेटलंत आणि माझं नाव लागलं नाही, तर तीन-नऊ द्या.